चिखलातील चाकाची पकड : माळेगाव परिसरातील काही शब्द आणि त्यांमागील यंत्रविचार

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने चाकांच्या पकडीविषयी लिहावे, याचे कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु शब्दाचा अर्थ नीट लावावयाचा तर त्या शब्दाने दर्शविलेली वस्तू आधी समजून घेतली पाहिजे, हा आग्रह आमच्या शास्त्रात नवा नाही. १९०९ साली जर्मन भाषेत ‘शब्द आणि वस्तू’ याच नावाचे एक नियतकालिक निघू लागले होते, आणि शेतीची अवजारे, घरे, गाड्या यांचा अभ्यास केल्याखेरीज त्यांच्या नावांचा इतिहास सांगता येत नाही, ही त्या पंथाची मुख्य भूमिका होती. प्रस्तुत लेख त्या भूमिकेला अनुसरूनच लिहिला आहे.

लेखास निमित्त घडले ते असे. काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या अवकाळी पावसात शेतीविषयक शब्द टिपण्यासाठी मी माळेगाव बुद्रुक येथे गेलो होतो. आमची जीप चारही चाकांना चालना मिळणारी, म्हणजे बोलीभाषेतील ‘फोर-व्हील’ होती. त्या भरवशावर आम्ही ती कालव्याखालच्या एका उसाच्या फडाशेजारी उतरविली आणि वीस पावलांत ती बसली. चालकाने जोर लावला, चाके गरगर फिरली, आणि गाडी पुढे जाण्याऐवजी खाली गेली. बांधावर उभे असलेले एक वृद्ध शेतकरी शांतपणे म्हणाले, “इंजनात जोर लई हाय सर, पर भुईनं धरलं पायजे नव्हं?”

हे वाक्य मी वहीत लिहून घेतले ते बोलीचा नमुना म्हणून. पुढे ते पुन्हा वाचताना ध्यानात आले की, त्यात संपूर्ण सिद्धान्तच आला आहे. ‘चाकाने जमीन पकडली’ असे आपण नागर भाषेत म्हणतो. तेथे कर्ता चाक असते. या वाक्यात धरण्याच्या क्रियेचा कर्ता भुई आहे आणि चाक हे कर्म आहे. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने दुसरी रचनाच अधिक बरोबर होय. इंजिन चाकाला फिरवू शकते. पण चाक मागे ढकलीत असताना माती जेवढा प्रतिकार करील, तेवढीच पुढे जाण्याची शक्ती वाहनास मिळते. ज्या मातीला तेवढा प्रतिकार करता येत नाही तेथे दुप्पट शक्तीचे इंजिन बसविले तरी गाडी पुढे न जाता खड्डा मात्र दुप्पट वेगाने पडतो.

या शक्तीला पारिभाषिक मराठीत ‘कर्षण’ म्हणतात. ‘कृष्’ या संस्कृत धातूचा अर्थ ओढणे आणि नांगरणे असा दुहेरी आहे, आणि ‘कृषी’ हा शब्द त्याच धातूचा. युरोपीय भाषांतील ‘ट्रॅक्शन’ आणि ‘ट्रॅक्टर’ हे शब्दही ओढणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आले आहेत. तेव्हा ‘कर्षण’ हा पर्याय केवळ भाषांतराच्या सोयीचा नाही, अर्थानेही नेमका आहे. बोलीतील ‘पकड’ आणि हे ‘कर्षण’ यांत थोडा भेद मात्र केला पाहिजे. पकड म्हणजे मातीने चाकास दिलेला आधार. कर्षण म्हणजे त्या आधारावर वाहनाने मिळविलेली ओढ. पहिले कारण, दुसरे कार्य.

आता ज्या भुईने धरावयाचे ती कशी आहे, हे पाहू. माळेगाव बुद्रुक हे गाव बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यात वसलेले आहे. कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या दशकांत या भागास मिळू लागले. त्यावर ऊस आला आणि पुढे सहकारी साखर कारखाना आला. येथील खोल काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून झालेली आहे. पाणी प्याल्यावर फुगणारी आणि वाळल्यावर भेगाळणारी चिकणमाती तिच्यात विपुल असते. परंतु थोडे वर माळाकडे गेले की मातीचा थर पातळ होत जातो आणि खालचा मुरूम उघडा पडतो. शेजारच्या माळेगाव खुर्द येथे २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी राहिली, ती अशाच उथळ, मुरमाड जमिनीवर. त्याखेरीज जेथे पाणी वर्षानुवर्षे अधिक झाले तेथे चिबड आणि चोपण जमिनी झाल्या आहेत. चोपण जमिनीत सोडियमचे प्रमाण वाढल्याने मातीचे कण एकमेकांपासून सुटतात व ओलाव्यात ती साबणासारखी निसरडी होते. काही कोसांच्या आत चाकाखालची भुई अशी तीन-चार वेळा बदलते.

या भुईच्या ओलेपणाच्या अवस्थांनाही येथे वेगवेगळी नावे आहेत. वर पातळ, पायाखाली उडणारी ती राड. दाट व बुळबुळीत तो रेंदा. पाण्याने वाहून आणून बसविलेला तो गाळ. या सर्वांच्या पलीकडे, पाऊस वा पाणी निघून गेल्यावर जमीन कामास योग्य होते, ती स्थिती म्हणजे वाफसा. मूठभर माती दाबली असता तिचा लाडू व्हावा, पण तो हाताला चिकटू नये आणि खाली टाकताच फुटावा, ही वाफशाची परीक्षा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. स्वीडिश शास्त्रज्ञ अल्बर्ट आटेरबर्ग याने १९११ च्या सुमारास मातीच्या घट्टपणाच्या ज्या सीमा ठरविल्या, त्यांपैकी एक सीमा ओळखण्याची रीत अशीच हाताची आहे : मातीची वळी तळहाताखाली वळीत न्यावयाची आणि सुमारे तीन मिलिमीटर जाडीची झाल्यावर ती तुटू लागली की ती सीमा आली असे समजावयाचे. त्या सीमेहून अधिक ओलावा असेल तर माती मळते, कमी असेल तर फुटते. वाफसा हा मळण्याची अवस्था सरून फुटण्याची अवस्था सुरू होण्याच्या सुमारास येतो.

मातीच्या प्रतिकाराचे गणित प्रथम मांडले ते कूलाँ या फ्रेंच अभियंत्याने, १७७३ साली. त्याच्या मते हा प्रतिकार दोन गोष्टींचा मिळून होतो. एक म्हणजे कणांची आपसांतील चिकटून राहण्याची शक्ती. तिला येथे संसक्ती म्हणू. दुसरी म्हणजे वरून दाब पडल्यावर कणांत निर्माण होणारे घर्षण. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, मिकल्थवेट या ब्रिटिश अभ्यासकाने हाच नियम रणगाड्यांना व वाहनांना लावला. तो साध्या रूपात असा मांडता येईल :

मातीकडून मिळणारी जास्तीत जास्त ओढ = (जमिनीला टेकलेले क्षेत्रफळ × संसक्ती) + (चाकावरील भार × घर्षणगुणक).

या समीकरणाकडे अंमळ थांबून पाहावे. पहिल्या पदात वाहनाचा भार कोठेही नाही. दुसऱ्या पदात टेकलेले क्षेत्रफळ कोठेही नाही. कोरड्या मुरमात व वाळूत संसक्ती जवळजवळ नसते. तेथे दुसरे पद सर्वस्व. पाण्याने तुडुंब भरलेल्या चिकणमातीत वरचा दाब कणांवर न पडता पाण्यावर पडतो, म्हणून घर्षण उपयोगी येत नाही. तेथे पहिले पद सर्वस्व. ‘गाडीत चार पोती टाका, पकड येईल’ हा सल्ला एका जागी खरा आणि दुसऱ्या जागी घातक का ठरतो, याचे उत्तर येथे आहे.

उदाहरणादाखल १,६०० किलो भाराचे वाहन घेऊ. प्रत्येक चाकावर ४०० किलो. कोरड्या मुरमात घर्षणगुणक सुमारे ०.६ धरला तर एका चाकास २४० किलोइतकी ओढ मिळेल. दोनच चाके चालती असल्यास ४८०, चारही असल्यास ९६० किलो. चारही चाकांना चालना देण्याचा लाभ हाच की, वाहनाचा सगळा भार ओढीच्या कामी येतो. एरवी त्यातला अर्धा नुसता वाहून न्यावा लागतो.

आता तेच वाहन ओल्या काळ्या रानात आणू. टायरातील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलो असेल तर, टायर जमिनीवर साधारण तेवढाच दाब देतो असे ढोबळमानाने धरून, प्रत्येक चाक सुमारे २०० चौरस सेंटिमीटर टेकेल. मातीची संसक्ती दर चौरस सेंटिमीटरला ०.२ किलो समजू. मग एका चाकाची ओढ ४० किलो. दोन चाकांची ८०, चारांची १६०. चिखलातून चाक लोटण्यासच समजा २०० किलो लागत असतील तर फोर-व्हील असूनही गाडी हलणार नाही. आता हवा कमी करून दाब १ किलोवर आणला तर टेकलेले क्षेत्रफळ दुप्पट होऊन चारही चाकांची मिळून ओढ ३२० किलो होते, आणि गाडी निघते. एवढेच नव्हे, अशा मऊ चिकणमातीची भार पेलण्याची ताकद तिच्या संसक्तीच्या साधारण सहापट, म्हणजे येथे १.२ किलो असते. २ किलो दाबाचे चाक तिच्यात रुतणारच, १ किलो दाबाचे चाक वर राहील. आमच्या जीपला त्या दिवशी इंजिनाची शक्ती कमी पडली नव्हती. तिच्या टायरांत हवा जास्त होती.

येथे बोलीतील क्रियापदांकडे वळले पाहिजे. वाहन अडले असे आपण सरसकट म्हणतो, परंतु अडण्याचे प्रकार तीन आहेत आणि त्यांना तीन वेगळी क्रियापदे आहेत : चाक रुतते, चाक घसरते, किंवा चाक ‘स्लिप मारते’. यांपैकी पहिली दोन जुनी. तिसरे उघडच नवे आणि अर्धे इंग्रजी. पहिल्याने हा केवळ इंग्रजीचा हव्यास असावा असे मला वाटले होते. विचारांती दिसले की, या नव्या शब्दाची खरोखरच गरज होती. बैलगाडीचे चाक रुतू शकते, घसरू शकते. पण ते जागच्या जागी फिरणे अशक्य, कारण ओढण्याचे काम त्याचे नव्हेच. पकड बैलांच्या खुरांची. तुंबा, आरे आणि धाव यांनी मिळून केवळ भार वाहावयाचा. इंजिन आले आणि ओढणे व वाहणे ही दोन्ही कामे एकाच चाकावर आली. तेव्हा पूर्वी घडूच न शकणारी एक गोष्ट घडू लागली आणि तिच्यासाठी भाषेने शब्द उसना घेतला.

हा भेद उपायांच्या दृष्टीनेही मोलाचा आहे, कारण प्रत्येक क्रियापदाचा उपाय निराळा आहे.

चाक रुतत असेल तर दोष दाबाचा. भार उतरवावा, हवा कमी करावी, चाकाखाली पाचट, फळ्या वा दगड घालून आधार रुंदावा. ट्रॅक्टरला जोडचाके किंवा लोखंडी पिंजऱ्याची चाके लावतात तीही यासाठीच. हवा कमी करताना दोन पथ्ये पाळावीत : टायर रिंगेवरून निसटेल इतकी ती कमी करू नये, आणि डांबरी रस्त्यास लागण्यापूर्वी ती पुन्हा भरावी, कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो.

चाक स्लिप मारीत असेल तर आधी कोणते चाक ते पाहावे. वळणावर दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळे अंतर तोडावे लागते, म्हणून आसात डिफरन्शियल बसविलेले असते. त्याचा धर्म असा की, ते दोन्ही चाकांना सारखेच फिरविणारे बल देते. एक चाक राडीत असून २० किलोपेक्षा अधिक ओढ घेऊ शकत नसेल, तर कोरड्यावर असलेल्या दुसऱ्या चाकासही २० किलोच मिळतात. जुन्या पद्धतीच्या जीपमध्ये फोर-व्हील लावल्यावर पुढचा व मागचा आस एकमेकांशी जखडले जातात, पण प्रत्येक आसातील डिफरन्शियल मोकळेच राहते. म्हणून पुढचे एक आणि मागचे एक अशी दोनच चाके निसरड्यावर आली तरी चारही चाकांची गाडी अडते. डिफरन्शियल लॉक लावल्याने दोन्ही चाके एकजीव होतात. मात्र चाक जोरात फिरत असताना तो लावू नये आणि लावून वळू नये. ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे ब्रेक स्वतंत्र असतात. फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक हलकेच दाबला तर बल दुसऱ्या चाकाकडे जाते. कडक रस्त्यावर फोर-व्हील सोडून द्यावे, कारण तेथे चाकांच्या चालीतील फरक मातीत मुरत नाही आणि त्याचा ताण दात्यांवर येतो.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्लिप अजिबात नसावी असे नाही. मातीस थोडे मागे रेटल्याशिवाय तिचा प्रतिकार जागा होत नाही. शेतात दहा ते पंधरा टक्के स्लिप ही साधारणपणे कामाची समजतात. त्यापलीकडे चाक ओढीत नाही, उकरते. यास्तव हलका गियर, एकसारखा वेग आणि सावकाश दाबलेला ॲक्सिलरेटर हे चालकाचे खरे कौशल्य. टायरांच्या नक्षीत काळी माती भरली की टायर गुळगुळीत होतो. ती खरडून काढणे हाही एक साधा उपाय आहे.

चाक घसरत असेल तर प्रश्न सर्वांत नाजूक. मातीकडे प्रतिकाराची जेवढी शिल्लक आहे, तीतूनच पुढची ओढ आणि बाजूचा आधार हे दोन्ही खर्च होतात. चाक फिरू लागले की सगळी शिल्लक पुढच्या ओढीत संपते आणि बाजूचा आधार सुटतो. कालव्याच्या भरावावरील ओल्या वाटेवर याचा अर्थ गाडी पाण्यात जाणे असा होऊ शकतो. अशा वेळी जोर वाढविण्याची बुद्धी होते, तीच चूक. जोर कमी करावा, ब्रेक दाबून धरू नये, आणि चाके जावयाच्या दिशेस ठेवावीत.

तथापि हे उपायही भुई न पाहता योजले तर उलटतात. माळाकडील वाटेवर वर चार बोटे राड आणि खाली घट्ट मुरूम असतो. तेथे हवा कमी केलेला रुंद टायर राडीवर तरंगतो व घसरतो. अरुंद, भरपूर हवेचा आणि भार असलेला टायर मात्र राड कापून मुरमावर टेकतो. जुन्या बैलगाडीची अरुंद लोखंडी धाव अशा वाटेवर सुखाने चाले आणि खोल काळ्या रानात आसापर्यंत जाई. रबरी चाकांच्या टायरगाडीची गोष्ट उलट. यास्तव वाहनातून उतरून काठी खुपसून पाहणे, हा कोणत्याही यंत्रापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरविषयी वेगळे लिहिले पाहिजे, कारण येथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. ओढ वाढली की मागच्या चाकांवर भार वाढतो आणि पुढची चाके हलकी होतात. ट्रॅक्टरचे तोंड उचलते आणि सुकाणू निकामी होतो. मागच्या टायरांत पाणी भरल्याने कोरड्या वाटेवर ओढ वाढते. परंतु पुढे वजन न लावता केवळ मागे भार वाढविला तर तोंड अधिकच हलके होते. फोर-व्हील ट्रॅक्टरला पुढच्या आसाचा स्वतःचा भार असतो आणि पुढची चाकेही ओढतात, म्हणून तो या कामी अधिक सुरक्षित. रुतलेले वाहन ओढताना साखळी मागच्या आसाच्या वर कोठेही बांधू नये. तशी बांधली आणि पुढचे वाहन हलले नाही, तर ट्रॅक्टर आपल्याच चाकांभोवती मागे उलटतो, आणि चालकाला उडी मारण्यास अवसर मिळत नाही. साखळी खालच्या ओढदांड्यालाच लावावी आणि ओढ सुरू असताना तिच्या रेषेत कोणीही उभे राहू नये.

दुसऱ्या महायुद्धानंतर या विषयाचे स्वतंत्र शास्त्र झाले. पोलंडमध्ये जन्मलेल्या एम. जी. बेकर या अभियंत्याचा भूमीवरील संचाराच्या सिद्धान्ताविषयीचा ग्रंथ १९५६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, आणि १९७१ मध्ये अपोलो-१५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर जी गाडी चालविली तिच्या कामातही त्याचा हात होता. आपल्याकडे मुंबईत विलीज जीप जुळविल्या जाऊ लागल्या आणि चारही चाकांच्या चालनेची ओळख ग्रामीण महाराष्ट्रास पुढे मुख्यतः जीपमधून झाली. यंत्र आले, त्याची नावेही आली. भुईचे शास्त्र मात्र येथे आधीपासूनच होते, पण ते ग्रंथांत नसून शब्दांत होते.

त्या शब्दांपैकी ‘वाफसा’ हा आज सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वाफसा येण्यापूर्वी जड वाहन रानात घातले तर वाहन निघतेही. अधिक चांगले टायर, लॉक, फोर-व्हील यांमुळे ते हमखास निघते. पण ज्या मातीतून ते गेले तिचे काय? ओल्या चिकणमातीतील पोकळी दाबाने मिटते. पाणी व हवा खेळण्याची वाट बंद होते. त्याच बुडख्यातून येणाऱ्या खोडव्याची मुळे त्या घट्ट थराशी अडतात. वरचा थर टायराच्या दाबाने दबतो. खालचा थर आसावरील एकूण भाराने दबतो, आणि तो पुढे नांगरालाही दाद देत नाही. पूर्वी चाक रुतत असे, आणि ते रुतणेच शेतकऱ्यास थांबवीत असे. आता पकड वाढली आहे, म्हणून थांबविणारे कोणी उरले नाही.

कारखान्याची तोड आली की शेतकऱ्यास वाफशाची वाट पाहणे नेहमीच शक्य होत नाही, हे मी जाणतो. टोळी दुसऱ्या फडात गेली तर ऊस उभा राहतो. परंतु भरलेली वाहने ठरलेल्या एकाच वाटेने बाहेर काढणे, त्या वाटेवर पाचट अंथरणे, तोडीपूर्वी पाणी वेळेवर बंद करणे आणि चिबड रानात चर काढणे, एवढे तरी बहुतेकांस करता येते. पहिल्याच फेरीत जमीन सर्वाधिक दबते. म्हणून दहा वाटांनी एकदा जाण्यापेक्षा एका वाटेने दहादा जाणे पुष्कळ बरे.

आमची जीप त्या दिवशी कशी निघाली, हे सांगून लेख संपवितो. त्या वृद्ध गृहस्थांनी टायरांतील हवा सोडावयास लावली, चाकांपुढे पाचटाचे दोन पट्टे घातले, आणि चालकास सांगितले की ॲक्सिलरेटरला पाय लावायचा तो फुलावर ठेवल्यासारखा. गाडी निघाली. मी त्यांना विचारले, ही युक्ती कोठे शिकलात? ते म्हणाले, “शिकायचं काय त्यात? बैल बी चिखलात पाय दमानंच टाकतोय.”